भावाने लॅपटॉपवरची माझी डायरी वाचली, आता काय करू?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे, नोकरी करते. घरात एकच लॅपटॉप आहे, तो मी माझ्या पगारातून घेतलाय, पण संध्याकाळी धाकटा भाऊ गेम आणि कॉलेजच्या कामासाठी वापरतो, अधूनमधून आतेभाऊ येतो तोही बसतो. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. गेली तीन वर्षं मी त्यात रोजनिशी लिहिते, शिवाय माझे मेडिकल रिपोर्ट, सॅलरी स्लिप, मेल सगळं त्यातच. मागच्या आठवड्यात सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा भावाने डायरीतलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि सगळे हसले. मी फोल्डर हिडन करून ठेवला होता, नाव पण बदलून 'ड्रायव्हर बॅकअप' दिलं होतं तरी त्याला सापडलं. आता पासवर्ड बदलते म्हटलं तर आई विचारते घरच्यांपासून काय लपवायचंय तुला. मला भांडण नकोय. ऑफिसमध्येही शेजारची सहकारी सतत स्क्रीनमध्ये डोकावते. काय करू? आणि त्याने डायरी कॉपी करून घेतली असेल का, हे कळू शकतं का?

उत्तर: सगळ्यात आधी हे सांगते की जे झालं ते वाईटच झालं. तीन वर्षं जे कोणालाच सांगितलं नाही ते सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणून दाखवणं आणि बाकीच्यांनी हसणं, हे मनाला लागणारच, त्यात तू जास्त मनावर घेतेयस वगैरे काही नाहीये. आईचं म्हणणं मला कळतं, पण घरच्यांपासून लपवायला काहीतरी वाईटच असावं लागतं असं नसतं गं. मेडिकल रिपोर्टमध्ये काय लपवायचं असतं? काहीच नाही, तरी तो कोणी कधी बघायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

आता मुद्द्याचं. तू फोल्डर लपवलास, कुलूप लावलं नाहीस, आणि सगळा घोळ तिथेच झाला. विंडोजमध्ये फोल्डर हिडन करणं म्हणजे फक्त एक खूण असते, फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर एक टिक केली की सगळं समोर येतं, त्याला पासवर्ड लागत नाही की काही नाही. आणि बहुतेक त्याने तेवढंसुद्धा केलं नसेल. वर्ड उघडलं की रिसेंट फाईल्सची यादी दिसते ना, त्यात तुझी डायरी सगळ्यात वर असणार कारण तू ती रोज उघडतेस, आणि तिथे क्लिक केलं की फोल्डर हिडन असो नसो, फाईल उघडते. म्हणजे तो शोधायला गेलाच असेल असंही नाही, कॉलेजचं काम करायला वर्ड उघडलं आणि दिसलं असेल. पुढे वाचत बसला ही मात्र त्याचीच चूक.

दुसरी गोष्ट जी लोक विसरतात. सिक्युरिटी म्हटलं की आपल्या डोक्यात लांबचा कोणी हॅकर येतो, आणि मग आपण अँटीव्हायरस टाकून मोकळे होतो. जवळच्या माणसाला हॅकिंग येत नसलं तरी त्याच्याकडे तीन गोष्टी असतात ज्या हॅकरकडे नसतात. एक म्हणजे तुझं मशीन उघड्या अवस्थेत त्याच्या हाताशी असतं, दुसरं म्हणजे त्याच्याकडे वेळ असतो, तू आंघोळीला गेलीस तरी वीस मिनिटं मिळतात, आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, तो तुला ओळखतो. तुझी जन्मतारीख, तुझं लाडाचं नाव, पहिली शाळा, तुझा नेहमीचा पासवर्ड ज्यात शेवटी फक्त आकडा बदलतो, हे सगळं त्याला पाठ आहे. म्हणून जे काही करायचं ते या तीन गोष्टी डोक्यात ठेवून करायचं.

तर पहिलं काम, आजच कर, वेगळे अकाउंट. पासवर्ड बदलून भांडण ओढवून घेण्यापेक्षा भावाला त्याचं स्वतःचं अकाउंट करून दे. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर युजर्स, तिथे ॲड अकाउंट. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागेल, नको असेल तर या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही असा पर्याय निवडून पुढे बिनाईमेलचं अकाउंट करता येतं. आतेभावाला तिसरं कर. घरात सांगताना असं सांग की तुझ्या गेमची सेटिंग, तुझा वॉलपेपर, तुझी हिस्टरी सगळं तुझ्याकडे राहील, माझ्या ऑफिसच्या फाईली चुकून डिलीट नको व्हायला. हे खोटं नाहीये, खरंच तसं होतं, आणि त्याला काढून घेतल्यासारखं वाटण्यापेक्षा मिळाल्यासारखं वाटेल.

पण यात एक मेख आहे. भावाचं अकाउंट स्टँडर्ड म्हणजे साधं ठेव, ॲडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेलं) करू नकोस, कारण ॲडमिन असलेला माणूस दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक करून परवानगीच्या खिडकीत कंटिन्यू दाबून सरळ आत जाऊ शकतो, आणि तुझं लोकल म्हणजे बिनाईमेलचं अकाउंट असेल तर तुझा पासवर्डसुद्धा बदलून टाकू शकतो. लॅपटॉप तुझा आहे, ॲडमिन तू राहा. त्याला नवीन गेम टाकायचा असेल तर काही वेळा तुझा पासवर्ड लागेल, तेव्हा त्याला सांगू नकोस, येऊन स्वतः टाइप कर आणि टाइप करताना त्याला बाजूला व्हायला सांगायला लाजू नकोस. आणि ॲडमिन म्हणून आता त्याच्या फोल्डरमध्ये तूही जाऊ शकतेस, ते करू नकोस, एकदा केलंस की तुझ्या सगळ्या बोलण्याला काही अर्थ राहणार नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगते, याच्यावर फार लोक फसतात. वेगळं अकाउंट केल्यावर सुरक्षित होतात त्या फक्त तुझ्या युजर फोल्डरमधल्या फाईली, म्हणजे तुझे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स. बऱ्याच जणांना सवय असते की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवायचं, विंडोज उडालं तरी ते राहतं म्हणून. पण डी ड्राइव्हवर केलेले फोल्डर सहसा त्या कॉम्प्युटरच्या प्रत्येक अकाउंटला उघडे असतात, सी ड्राइव्हवर थेट वरच्या पातळीवर केलेला फोल्डर पण तसाच. तुझा तो ड्रायव्हर बॅकअप नावाचा फोल्डर नक्की कुठे आहे बघ, तिथे असेल तर आधी डॉक्युमेंट्समध्ये हलव. आणि हलवून झाल्यावर भावाच्या अकाउंटमधून लॉगिन करून स्वतः तपासून बघ की खरंच उघडत नाहीये ना.

आता पासवर्ड, म्हणजे फक्त तुझ्या अकाउंटचा, भावाला त्याचं अकाउंट करून दिल्यावर. नवीन ठेव आणि पूर्णपणे वेगळा ठेव, जुन्याच्या शेवटी आकडा वाढवून नको. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहायला सोपा आणि अंदाज बांधायला कठीण. लक्षात ठेव की पासवर्ड बदलला तरी पिन बदलत नाही, पिन वेगळा असतो, तोही बदल. फिंगरप्रिंट असेल तर साइन-इन ऑप्शन्समध्ये जाऊन आहेत ते सगळे ठसे काढून टाक आणि फक्त तुझे नव्याने दे, कारण लॅपटॉप नवा असताना हौसेने घरातल्या सगळ्यांची बोटं टेकवलेली असतात आणि नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि इथे ती ओळखण्याची भानगड येते. विंडोजमध्ये बिनाईमेलचं लोकल अकाउंट केलं की पासवर्ड विसरलात तर म्हणून तीन प्रश्न विचारून ठेवतात. प्रश्न कसले आहेत बघ, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय, तुमचा जन्म कुठल्या शहरात झाला, लहानपणी तुम्हाला काय म्हणायचे, सगळ्यात मोठ्या चुलत-मामे-आते भावंडाचं नाव काय, पहिली शाळा कुठली. आतेभावाला तर हे सगळंच माहीत आहे, एखाद्या उत्तरात त्याचं स्वतःचंच नाव असेल! तुझं अकाउंट लोकल असेल तर तू कितीही अवघड पासवर्ड ठेव, लॉगिनला चुकीचा पासवर्ड टाकला की रिसेटचा पर्याय येतो आणि हे तीन प्रश्न सोडवले की तो आत. म्हणून तिथे खरी उत्तरं द्यायचीच नाहीत. प्राण्याच्या नावाच्या जागी काहीही निरर्थक लिही आणि ते कागदावर लिहून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड कुलूपबंद साठवणारं ॲप) ठेव. हेच बँक, मेल, जिथे जिथे असे प्रश्न असतील तिथे कर.

मेलचं तर विशेष सांगते, कारण मेल गेला की सगळं गेलं, बाकी प्रत्येक ठिकाणचा फरगॉट पासवर्ड तिथेच येतो. तुझ्या मेलला रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा ईमेल कोणाचा दिलाय ते आज उघडून बघ. कितीतरी जणांनी पहिलं अकाउंट उघडताना बाबांचा किंवा भावाचा नंबर दिलेला असतो, किंवा भावानेच अकाउंट उघडून दिलेलं असतं. तो बदलून तुझा टाक. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करून घेणं, चालू कर. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हाइसेस म्हणून यादी येते, त्यात न ओळखणारं किंवा जुनं काही असेल तर साइन आउट कर. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलंस तर अगदी खाली उजव्या कोपऱ्यात शेवटची ॲक्टिव्हिटी आणि डिटेल्स असं बारीक अक्षरात असतं, तिथे कधी कुठून उघडलं गेलं ते दिसतं. सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगही (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) तपास, एखाद्याने एकदाच दोन मिनिटांत तिथे स्वतःचा पत्ता टाकून ठेवला तर तू पासवर्ड बदलल्यावरही मेलच्या कॉपी त्याला जात राहतात. तुझ्या भावाने हे केलं असेल असं मला वाटत नाही, पण एकदा बघून घेतलेलं बरं.

ब्राउझरबद्दल थोडं सविस्तर बोलते. आत्तापर्यंत तुम्ही सगळे एकच अकाउंट वापरत होतात म्हणजे क्रोमपण एकच, आणि त्यात तू तुझ्या गुगल अकाउंटने साइन इन करून सिंक (फोन आणि लॅपटॉपवरची माहिती एकसारखी ठेवणं) चालू केलं असशील तर तू फोनवर जे सर्च करतेस ते लॅपटॉपच्या हिस्टरीत येतं. हे कितीतरी जणींना माहीत नसतं. रात्री झोपताना फोनवर एखाद्या आजाराबद्दल किंवा नोकरी बदलण्याबद्दल वाचलं आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणीतरी लॅपटॉपवर ॲड्रेस बारमध्ये पहिलं अक्षर टाइप केलं की तेच सजेशन वर येतं. सेव्ह केलेले पासवर्डही तसेच, ते बघायला क्रोम विंडोजचा पासवर्ड किंवा पिन मागतं हे खरं, पण एकतर तो सगळ्यांना माहीत होता आणि दुसरं म्हणजे बघायची गरजच नसते, साइट उघडली की आपोआप भरतात आणि लॉगिन होतं. क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइल करता येतात ती सोयीसाठी ठीक, पण ते कुलूप नाही, कोणीही एका क्लिकमध्ये दुसऱ्या प्रोफाइलमध्ये जातं. विंडोजची अकाउंट वेगळी झाली की हा प्रश्न बराचसा सुटतो, फक्त भावाच्या अकाउंटमध्ये एखाद्या दिवशी घाईत तुझा मेल उघडायची वेळ आली तर हिस्टरी न ठेवणाऱ्या इनकॉग्निटो विंडोत उघड आणि काम झालं की सगळ्या इनकॉग्निटो विंडो बंद कर. त्याचा उपयोग तेवढाच, डाउनलोड केलेली फाईल तिथेच पडून राहते हे विसरू नकोस, सॅलरी स्लिप डाउनलोड केलीस तर ती त्याच्या डाउनलोड्समध्ये जाईल.

व्हॉट्सॲप पण बघ. फोनवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे जो कॉम्प्युटर जोडलाय तो फोन बंद असतानाही चालतो, म्हणजे फोन तुझ्या पर्समध्ये आणि चॅट घरी लॅपटॉपवर उघडं असं होऊ शकतं. चारपर्यंत डिव्हाइस जोडता येतात, न ओळखणारं काही दिसलं तर लॉग आउट. फोन आणि विंडोज जोडणारं फोन लिंक चालू असेल तर तुझे मेसेज आणि ओटीपी लॅपटॉपच्या कोपऱ्यात उमटतात, नको असेल तर काढून टाक. लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दिसणं पण बंद कर, दोन्हीकडे, लॅपटॉपवर आणि फोनवर.

एवढं करूनही वेगळं अकाउंट फुकट जाईल जर तू लॅपटॉप उघडा टाकून उठलीस तर. विंडोज की आणि एल, दोन बटणं, झालं लॉक. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू. पाणी प्यायला उठलीस तरी दाबायचं, दारावर बेल वाजली तरी दाबायचं, पहिले पंधरा दिवस विसरशील मग हात आपोआप जातो. जोडीला पाच मिनिटांनी स्क्रीन आपोआप बंद होऊन परत पासवर्ड मागेल अशी सेटिंग ठेव. ब्लूटूथने फोन जोडून तो लांब गेला की लॉक होणारं डायनॅमिक लॉक पण विंडोजमध्ये आहे, पण ब्लूटूथ दुसऱ्या खोलीपर्यंत पोचतं, आणि पोचलं नाही तरी लॉक व्हायला थोडा वेळ जातोच, त्यामुळे मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही. मी स्वतः एकदा जुन्या ऑफिसात दोन मिनिटांसाठी म्हणून मशीन उघडं ठेवून उठले आणि परत आले तेव्हा शेजारचा माणूस माझा अर्धवट लिहिलेला राजीनामा वाचत होता, तो मी साहेबांना सांगायच्या आधी अख्ख्या मजल्याला कळला. त्या दिवसापासून मी लॉक केल्याशिवाय उठत नाही.

डायरीसाठी मात्र याच्या वर अजून एक कुलूप लाव असं मी म्हणेन. वर्डमध्येच लिहायचं असेल तर फाईल, इन्फो, प्रोटेक्ट डॉक्युमेंट, आणि त्यात एन्क्रिप्ट विथ पासवर्ड, म्हणजे पासवर्डशिवाय फाईल वाचताच येत नाही. नीट बघ, रिस्ट्रिक्ट एडिटिंग वेगळं, त्याने फक्त बदल करता येत नाही, वाचता येतं. फाईल डॉक्सएक्स फॉरमॅटमध्ये असू दे, जुन्या डॉक फॉरमॅटचं कुलूप कच्चं होतं. रिपोर्ट आणि स्लिपा अशा खूप फाईली एकत्र ठेवायच्या असतील तर व्हेराक्रिप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एक मोठी फाईल बनवतं जी पासवर्ड दिला की वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते आणि काम झाल्यावर अनमाउंट केली, म्हणजे ती ड्राइव्ह काढून टाकली, की बंद, आत काय आहे त्याची नावंसुद्धा दिसत नाहीत. सेव्हन-झिपने पण होतं, त्यात सेव्हन-झेड फॉरमॅट निवडून फाईलची नावं एन्क्रिप्ट करा यावर टिक करायला विसरायचं नाही, नाहीतर आतलं वाचता येत नाही पण 'रक्त तपासणी' हे नाव वाचता येतं आणि तेवढंच पुरतं. झिप करून झाल्यावर मूळ फाईली तिथेच राहतात, त्या डिलीट कर आणि रिसायकल बिनही रिकामी कर. या सगळ्याचा एक धोका आहे तो स्पष्ट सांगते, यातला पासवर्ड विसरलीस तर फाईल गेली, कोणी काढून देऊ शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून घराबाहेर कुठेतरी ठेव, आणि कुलूपबंद फाईलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर असू दे.

पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या डिस्कलाच कुलूप, ही वेगळी गोष्ट आहे. विंडोजचा लॉगिन पासवर्ड फक्त त्या मशीनवरच्या विंडोजमधून आत येणाऱ्याला अडवतो, कोणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली किंवा यूएसबीवरून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम चालू केली तर पासवर्ड न देता सगळं दिसतं. ते थांबवायला विंडोजमधलंच डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर लागतं, सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये बघ, नवीन लॅपटॉपवर बरेचदा ते आधीच चालू असतं. मॅकवर हेच काम फाईलव्हॉल्ट करतं. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की असते, ती कुठे साठवलीये हे आधी शोधून ठेव, पुढेमागे लॅपटॉपने ती मागितली आणि तुझ्याकडे नसली तर तूच बाहेर राहशील. लॅपटॉप चोरीला गेला तर याचा खूप उपयोग. पण भावाने त्याच्या अकाउंटमधून लॉगिन केलं तेव्हा डिस्क उघडलेलीच असते, म्हणजे घरातल्या माणसापासून वाचवणारं काम वेगळं अकाउंट आणि फाईलचा पासवर्ड हेच करतात. दुरुस्तीला देतानाही लक्षात ठेव, स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, एक तात्पुरतं अकाउंट करून ते दे, आणि त्यांना ॲडमिनच लागणार असेल तर त्याआधी खाजगी फाईली काढून घे.

ऑफिसच्या सहकारी बाईंचं सोपं आहे. स्क्रीनवर लावायची प्रायव्हसी फिल्टर मिळते, बाजूने बघितलं की काळं दिसतं, ती लाव, नाहीतर खुर्ची किंवा मॉनिटर थोडा फिरव, आणि एकदा शांतपणे सांग की मला टाइप करताना कोणी बघितलं की काम सुचत नाही. पण ऑफिसच्या मशीनबद्दल खरी गोष्ट वेगळीच आहे, ते मशीन कंपनीचं आहे, आयटीवाल्यांकडे त्याचे ॲडमिन अधिकार असतात, तिथे डायरी, रिपोर्ट, खाजगी चॅट ठेवूच नकोस. स्क्रीन शेअर करायच्या आधी नोटिफिकेशन बंद कर एवढं अजून.

हे पत्र अजूनही काही जणी वाचतील म्हणून एक गंभीर गोष्ट मधेच लिहिते. जवळचा माणूस म्हणजे मस्करी करणारा भाऊ नसून पाळत ठेवणारा, धमकावणारा, हात उगारणारा जोडीदार असेल तर वर लिहिलेलं लगेच करायला जाऊ नका. पासवर्ड एकदम बदलले, डिव्हाइस काढून टाकले की त्याला कळतं आणि त्याचा राग वाढू शकतो, आणि त्या मशीनवर टाइप केलेलं सगळं टिपणारं सॉफ्टवेअर असेल तर नवीन पासवर्डही त्याला मिळतो. कीबोर्डची वायर आणि पोर्ट यांच्या मधे बसणारी छोटी डबीसुद्धा असते जी हे करते. अशा वेळी त्याचा हात न लागलेल्या दुसऱ्या फोनवरून किंवा मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवरून मदत मागा, नवीन मेल तिथेच उघडा, आणि आधी स्वतः सुरक्षित कसं राहायचं ते ठरवा, फाईलींचं नंतर.

आता तुझा शेवटचा प्रश्न, त्याने कॉपी केली का. लॅपटॉपवरून ते कळणार नाही. एखादी फाईल कोणी कॉपी केली याची नोंद विंडोज आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय ठेवत नाही, फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲक्सेस्ड अशी तारीख दिसते पण ती भरवशाची नाही, अँटीव्हायरसने फाईल तपासली तरी बदलू शकते. त्यात फोनने स्क्रीनचा फोटो काढला असेल तर लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून ते खोदत बसू नकोस, त्यालाच विचार, आणि सगळ्यांसमोर नको, दोघंच असताना. सांग त्याला की त्या दिवशी सगळे हसले तेव्हा मला काय वाटलं, आणि मग सरळ विचार की किती वाचलंस, अजून कुठे ठेवलंयस का, आतेभावाला पाठवलंयस का. कॉलेजच्या वयातली मुलं ओरडलं की खोटं बोलतात आणि नीट विचारलं की बहुतेक वेळा सांगून टाकतात. कॉपी आहे म्हणाला तर रागावू नकोस, त्याच्या शेजारी बसून ती डिलीट करून घे, रिसायकल बिनमधूनही, कोणाला पाठवलं असेल तर त्या चॅटमधूनही, आणि फोनमध्ये फोटो असतील तर गॅलरीतल्या रिसेंटली डिलीटेड किंवा ट्रॅशमध्ये ते बरेच दिवस तसेच राहतात, तिथूनही काढायला लाव.